जोखमीचा तक्ता

ढाकणे घराण्यातल्या माणसाने एखादी गोष्ट सोडली की ती कायमची सुटते. आबांनी एकोणऐंशी साली केज तालुक्यातलं गाव सोडलं, ते पुन्हा तिकडे मुक्कामाला म्हणून गेले नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलाने, ज्योतीरामने, दहावीनंतर शाळा सोडली, ती धाकट्या मधुसूदनची सुटू नये म्हणून, आणि त्यानंतर सहीखेरीज काही लिहिलं नाही. सात वर्षांपूर्वी त्याच ज्योतीरामने सिगारेट सोडली, तेव्हा आबांचा स्वभाव उतरला असं सगळे अभिमानाने म्हणाले. सिगारेटच्या पाकिटाच्या जागी त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आली, पण आलेल्या गोष्टींचा अभिमान बाळगायची पद्धत घराण्यात नव्हती. त्यामुळे त्याबद्दल कोणी बोललं नाही.

त्या रविवारी चाकणजवळ कुरुळीला ज्योतीरामच्या नातीचं, सईचं, उष्टावण होतं. मधुसूदन आणि त्याची बायको नीलिमा निगडीहून वेळेत निघाले आणि तळवड्याच्या चौकात पाऊण तास उभे राहिले. पोचले तेव्हा खीर दुसऱ्यांदा गरम करून झाली होती.

"भावजी आल्याबिगर घास द्यायचा न्हाई म्हनलं मी," कौशल्याबाई दारातच म्हणाल्या. "घरात एकच इंजिनेर हाय आमच्या."

एकच नव्हता. त्यांचा नवनाथ निघोज्याच्या कंपनीत तपासणी विभागात होता आणि त्याच्याकडे डिप्लोमा होता. पण वहिनींच्या लेखी इंजिनिअर म्हणजे भावजी. ज्योतीरामने फोर्जिंगच्या भट्टीपुढे उभं राहून बत्तीस वर्षं जे ओव्हरटाइम केले, त्यातल्या पहिल्या सहांचं फळ म्हणजे मधुसूदनची पदवी. ते फळ आता ब्रेकचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचं प्रमुख होतं आणि त्याच्या मताला घरात फार किंमत होती. इतकी, की गेल्या वीस वर्षांत ते मत कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

सईला घास भरवायचा मान मामाचा. मामा म्हणजे सूनबाईंचा, विजयश्रीचा, भाऊ ज्ञानेश. तो माण गावाला आयटी कंपनीत होता, म्हणून मोबाइल एका हातात धरूनच बसला होता. दुसऱ्या हाताने त्याने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून सईच्या ओठांना लावली. सईने तोंड असं उघडलं की पार पडजीभ दिसली.

"आज्यावर गेलीय!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ज्योतीरामही हसला. ओठ मिटूनच.

मग ज्ञानेशला फोटोची हुक्की आली. त्याने ताटातला अख्खा पेढा उचलला आणि ज्योतीरामच्या तोंडाशी नेला. "अण्णा, आता तुम्ही. आ करा. मोठ्ठा आ."

ज्योतीरामने आ केला. पेढा दातांवर आपटला. ज्ञानेशला वाटलं म्हातारा लाजतोय, म्हणून त्याने अजून रेटा दिला. पेढा फुटला आणि नव्या सदऱ्यावर सांडला. फोटो तेवढ्यात निघाला.

"शुगर हाय मला," ज्योतीराम सदरा झटकत म्हणाला.

"मामंजी, मागच्याच महिन्यात तपासली की," विजयश्री म्हणाली. "नॉर्मल आली."

खोलीत हशा झाला. हसली नाही ती एकटी नीलिमा. ती शिक्षिका. तिच्या शाळेत गेल्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरचं शिबिर झालं होतं आणि खुर्च्या मांडण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. म्हणून ती तिथे शेवटपर्यंत होती.

"दादा," ती म्हणाली, "तीन बोटं अशी उभी धरा. एकावर एक. आणि तोंडात घालून बघा."

"कशाला?"

"बघा तर."

ज्योतीरामने बघायच्या आधी बाकीच्यांनीच बघितलं. नवनाथने घातली, विजयश्रीने घातली, ज्ञानेशने मोबाइल खाली ठेवून घातली. उष्टावणाला जमलेलं अख्खं कुटुंब तीन-तीन बोटं तोंडात घालून एकमेकांकडे बघत बसलं. कौशल्याबाईंच्या हातात खिरीचं पातेलं होतं, त्या तेवढ्या राहिल्या. मधुसूदननेही घातली. सहज गेली.

ज्योतीरामचं एक बोट गेलं. दुसऱ्याचं नख गेलं.

सगळ्यांनी आपापली बोटं हळूच बाहेर काढून पुसली.

"कधीपासून?" नीलिमाने विचारलं.

"काय कधीपासून? दात दुखतेत थोडे."

"दात न्हाई दुखत त्यांचे," कौशल्याबाई पातेलं खाली ठेवत म्हणाल्या. "चार महिने झाले, भाकर दुधात कुस्करून देती मी. ठेचा तर दिवाळीपासून बंद. नुसतं वरण लागलं तरी आग व्हती म्हनतेत."

हे मधुसूदनला माहीत होतं. म्हणजे ठेचा बंद झाल्याचं माहीत होतं. संक्रांतीला त्याने भरल्या पंगतीत भावाचं कौतुक केलं होतं, दादा आता वयाला शोभेल असं सात्त्विक जेवतात म्हणून. ज्योतीरामने तेव्हा मान खाली घालून दूधभात खाल्ला होता. केजचा माणूस ठेचा सोडतो तेव्हा त्याला काहीतरी झालेलं असतं, एवढं कळायला पदवी लागत नाही. बहुतेक पदवी होती म्हणूनच कळलं नसावं.

"आई, हे तुझ्यामुळं झालंय," नवनाथ एकदम म्हणाला.

कौशल्याबाई त्याच्याकडे वळल्या.

"तूच लावलीस सवय. सकाळ-दुपार तुझी मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर वास, अन् डबा सारखा समोर. अण्णांनी सिगारेट सोडली तवा हाताशी काय होतं? तुझाच डबा."

"अरं, मी कवा म्हनले त्यांना..."

"म्हणायला कशाला लागतं?"

"अहो, काहीतरीच काय!" विजयश्री सईला खांद्यावर घेत उठली. एरवी ती आणि सासूबाई यांच्यात पाण्याच्या टाकीवरून रोज वाद. पण आज ती सरळ सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आत्याबाई दातांना लावतात. मामंजी चुना लावून गालात धरतात. दोन्ही एक आहे का?"

"तू मध्ये बोलू नको."

"मग कोण बोलणार? त्या तर काही बोलतच नाहीत."

कौशल्याबाई पदराने उगाच पातेल्याची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसंल. माझंच चुकलं आसंल."

नीलिमाने नवऱ्याकडे बघितलं.

मधुसूदनने पुढची चार मिनिटं गप्प राहण्यात घालवली. चार मिनिटांत त्याच्या कारखान्यात चोवीस पाइप तयार होतात, आणि त्यातला एखादा जरी वाकडा निघाला तरी तो कोणाच्या हातून गेला हे तासाभरात काढायची त्याची ख्याती होती.

सात वर्षांपूर्वी ज्योतीराम दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. पहाटे खोकला सुरू झाला की खाली भाड्याने राहणारी कंपनीतली पोरं त्यावर उठायची. मधुसूदनने समजावलं, रागावलं, आबांच्या फोटोपुढे शपथ घालून पाहिली. काही लागू पडेना, तेव्हा त्याने त्याला येत होतं ते केलं. कारखान्यात नवीन भाग बनवायच्या आधी जोखमीचा तक्ता करतात. काय बिघडू शकतं ते लिहायचं. त्याला तीन आकडे द्यायचे: बिघाड किती गंभीर, किती वेळा होणार, आणि वेळेत पकडला जाणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार करायचा. गुणाकार मोठा आला तर उपाय करायचा आणि तो लहान करून दाखवायचा. ऑडिट करायला येणाऱ्यांना लहान आकडा आवडतो.

सिगारेटला त्याने नऊ, आठ आणि आठ दिले. पाचशे शहात्तर. मग त्याने इंटरनेटवर वाचलेला एक लेख काढला. स्वीडन देशात लोक सिगारेट सोडून ओठाखाली तंबाखूची पुडी धरतात आणि तिथे फुफ्फुसाचा कॅन्सर कमी आहे, असं त्यात होतं. लेख खोटा नव्हता. मधुसूदनने तो चाकणला लागू केला. धूर नाही, म्हणून गांभीर्य पाच. वारंवारता तीच, आठ. आणि तिसरा आकडा देताना त्याने थोडा विचार करून दोन लिहिला होता, कारण फुफ्फुस झाकलेलं असतं आणि तोंड उघडता येतं. त्यात काही झालं तर लगेच दिसेल. एकूण ऐंशी. पाचशे शहात्तरवरून ऐंशी! आपल्या सबंध नोकरीत त्याने इतकी जोखीम कधी कमी केली नव्हती. त्याने हे उदाहरण नाव न घेता कंपनीच्या प्रशिक्षणातही सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तंबाखू वहिनींनी नाही लावली," मधुसूदन म्हणाला. "मी लावली."

"काका, तुम्ही कशाला त्यांचं..."

"मी दादासाठी तक्ता केला होता. जोखमीचा."

नवनाथला कळायला क्षणभर लागला. मग पूर्ण कळलं, कारण तोही त्याच धंद्यातला होता. "म्हणजे आपण पार्टचा करतो तो? अण्णांचा केला?"

"हो."

"सिगारेटच्या जागी तंबाखू?"

"हो."

बाकीच्यांना वाटलं आता नवनाथ आरडाओरडा करेल. त्याला नोकरी काकाच्या शब्दावर लागली होती, आणि काकासारखा पेन खिशाला अडकवायची सवयही त्याने काकावरूनच उचलली होती. त्याने आवाज चढवला नाही. ऑडिटमध्ये विचारतात तसं विचारलं.

"डिटेक्शनला किती दिलं होतं?"

"दोन."

"दोन. म्हणजे लगेच पकडलं जाणार. कोण बघणार होतं?"

"मी. दर महिन्याला, टॉर्च घेऊन. तसं लिहिलं होतं."

"किती वेळा बघितलं?"

मधुसूदनने पहिल्या दिवाळीला बघितलं होतं, आणि त्यानंतरच्या संक्रांतीला. दोन्ही वेळा तोंड छान होतं. मग तळवड्याच्या चौकात पूल होणार होता, तो झाल्यावर नियमित येता येईल असं त्याने ठरवलं होतं.

"दोनदा," तो म्हणाला.

"सात वर्षांत."

"नवनाथ," कौशल्याबाई म्हणाल्या, "काकाला असं तोडून बोलू नगंस. त्यांनी चांगल्यासाठीच केलं. तवा तर ह्यांचा खोकला गेला म्हनून मी नारळ फोडला व्हता."

मधुसूदनला शिव्या चालल्या असत्या. तो त्याच तयारीने उभा राहिला होता. पण ज्या वहिनींना त्याने चार मिनिटं गुन्हेगार राहू दिलं, त्याच आता त्याची बाजू घेत होत्या, आणि ह्या प्रकाराला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता.

"कागद आन गं," ज्योतीराम कॉटवरून म्हणाला. त्याचे शब्द हल्ली दातांच्या फटीतून बाहेर येत. इतके दिवस सगळ्यांना वाटायचं की रिटायर झाल्यापासून त्याचा आवाज मृदू झालाय.

कौशल्याबाईंनी कपाटातून, विम्याच्या कागदांखालून, तक्ता काढून आणला. ज्योतीरामने तो चाकणच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला होता. वर कंपनीचं बोधचिन्ह होतं. भागाचं नाव ह्या रकान्यात मधुसूदनने 'ज्योतीराम ढाकणे' असं टाइप केलं होतं. खाली तपासणीच्या तारखांसाठी साठ चौकोन होते. पहिल्या दोन चौकोनांत सह्या होत्या. उरलेले कोरे होते, आणि लॅमिनेशनमुळे आता त्यांत काही लिहिताही येणार नव्हतं.

"बत्तीस वर्सं कंपनीत काढली," ज्योतीराम म्हणाला. "एवढ्या मोठ्या कागदावर माजं नाव कंदी आलं न्हाई. हजेरीतबी आडनावच लिहायचे. मधूनं केलं ते. मला लई बरं वाटलं व्हतं रं त्या दिवशी."

"दादा, मला..."

"ऱ्हाऊ दे."

"दादा, उद्या दवाखान्यात जाऊ. पिंपरीला. मी येतो."

"मी न्हाई येनार."

"मामंजी!"

"गेलं की निघतंय कायतरी. माज्यासंगं भट्टीवर शिवाप्पा व्हता, तो गेला असाच तपासायला. गाल काढला त्याचा. आता लोक बघतेत म्हनून बाहेर निघत न्हाई. मी हाय तसा बरा हाय. भाकर कुस्करून जाती की."

मग सगळे एकदम बोलायला लागले. नवनाथने बापाला दम दिला, ज्ञानेशने मोबाइलमध्ये दवाखान्यांची यादी काढली. दहा मिनिटांपूर्वी एकमेकांवर उलटलेली माणसं आता एका बाजूला झाली होती आणि दुसऱ्या बाजूला कॉटवर एकटा ज्योतीराम होता. तो सगळ्यांचं ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. सई रडायला लागली, तिला घेऊन विजयश्री आत गेली.

मधुसूदन कॉटवर भावाच्या शेजारी बसला. लहानपणी पिंपरीच्या खोलीत दोघं एकाच कॉटवर झोपायचे. दिवसपाळीला जाताना ज्योतीराम पांघरूण धाकट्याच्या अंगावर टाकून जायचा.

"दादा, मी चुकलो," तो म्हणाला. "दोन आकडा चुकला. पाच पण चुकला. मी येऊन बघायला पाहिजे होतं, नाही आलो. गाडी होती, टॉर्चही होता. आता तू आला नाहीस तर मी काय करू, ते सांग."

ज्योतीरामने तक्त्यावरून अंगठा फिरवला.

"तू संगं येशील?"

"हो."

"शेवटपतूर?"

"हो, दादा."

"अन् डॉक्टरशी तूच बोलायचं. मला त्यांच्यापुढं सुचत न्हाई. इंग्रजी आलं की मी नुस्ता हां हां करतो."

"मीच बोलेन."

"मंगळवारी जाऊ मग. सोमवारी पानी येतंय."

नीलिमा कौशल्याबाईंकडे वळली. "वहिनी, तुम्हीही चला. तुमचंही तोंड दाखवून घेऊ."

"माजं कशाला?" कौशल्याबाईंना खरंच नवल वाटलं. "मी काय सिगारेट वढते का?"

मंगळवारी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचा नंबर साडेअकराला लागला. नवनाथने रजा टाकली होती, पण तो बाहेर बाकावर बसला. काकाशी तो कुरुळीपासून फक्त रस्त्याबद्दल बोलला होता. आत मधुसूदन भावाच्या शेजारी बसला, मांडीवर फाइल घेऊन. फाइलमध्ये जुने रिपोर्ट त्याने तारखेनुसार लावले होते.

डॉक्टरीणबाई तिशीतल्या होत्या. त्यांनी ज्योतीरामच्या तोंडात दिवा धरला, जेवढा जाईल तेवढा, आणि बराच वेळ डाव्या गालाच्या आत बघितलं.

"पांढरा चट्टा आहे. कडेला लालसर झालाय," त्या म्हणाल्या. "गालाची आतली कातडी सगळी आवळलीय, म्हणून तोंड उघडत नाही. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू. आठ दिवसांनी कळेल."

"गाल काढनार का?" ज्योतीरामने विचारलं.

"आजोबा, आत्ता फक्त तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा."

मधुसूदनने घसा साफ केला. त्याला कुठेतरी हे सांगून टाकायचं होतं, आणि नवनाथ बाहेर होता. "मॅडम, चूक माझी आहे. ह्यांची सिगारेट सोडवायला मीच तंबाखू सुचवली. स्वीडनचा एक अभ्यास होता..."

"ती तंबाखू वेगळी असते, सर," डॉक्टरीणबाई कागद पुढे ओढत म्हणाल्या. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं नसावं. "तिच्यातली विषारी द्रव्यं प्रक्रिया करून कमी केलेली असतात. तीसुद्धा निर्धोक नाही. आणि आपण तंबाखूत चुना मळतो. ते गणित इथे बसत नाही."

"हो," मधुसूदन म्हणाला. "बसलं नाही."

"पण सिगारेट सुटली असेल तर तेवढा फायदा आहेच. छातीच्या दृष्टीने."

ह्या एका वाक्याने मधुसूदनचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. सगळंच वाया गेलं नव्हतं. एक रकाना तरी बरोबर आला होता.

"तंबाखू किती वर्षं?"

"सात," मधुसूदन म्हणाला.

"आणि सिगारेट बंद होऊन?"

"सात. एकदम बंद केली. आमच्या घरात एकदा सोडलं की..."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवून ज्योतीरामकडे बघितलं. ज्योतीराम भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होता.

"आजोबा, तुम्ही सांगा. अधूनमधून होते का एखादी?"

"व्हती," ज्योतीराम म्हणाला.

"किती?"

"पाच-सहा. जेवल्यावर, अन् चहावर. तंबाखूनं भागत न्हाई." मग तो भावाकडे न बघता म्हणाला, "कागद एवढा मन लावून केलावतास तू. म्हनून बोललो न्हाई."

"मध्ये काही वर्षं बंद होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोडलीच कुठं?"

फॉर्मवर धूम्रपान, चघळणे आणि दोन्ही असे तीन चौकोन आधीपासूनच छापलेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यात खूण केली.